पहिल्या खोलीपासून

आमच्या वसाहतीत कुणी मेलं की ते मशिदीच्या भोंग्यावरून कळायचं. मेलेला हिंदू असो, मुसलमान असो, धरणावरचा रिटायर्ड हेल्पर असो नाहीतर डोंगरातल्या वाडीतली म्हातारी असो. पंचक्रोशीत धड चालणारा भोंगा एकच आणि तो माझ्या वडिलांच्या ताब्यात. अब्बा कोयनानगरच्या कडेला, धरणाच्या कामगारांनी कधीकाळी बांधलेल्या लहानशा मशिदीत पेशइमाम आहेत. हरवलेलं वासरू, पोलिओचा डोस, रेशनला आलेले तांदूळ, सगळं तेच सांगायचे, आधी थोडं खाकरून. अवेळी माइक खट् वाजला की बायका हातातलं काम थांबवून कान द्यायच्या. आपल्यातलं कुणी नाही ना, एवढंच ऐकायचं असायचं. नसलं की पुन्हा भाकरी थापायला लागायच्या, आणि मीही त्यातलीच.

माझं लग्न आटपाडीला झालं. इकडे पावसाळ्यात भिंतींना शेवाळ धरतं, आठवडाभर कपडे वाळत नाहीत. तिकडे टँकरच्या मागे घागरी घेऊन पळायचं. अब्बांनी मला सुकवायलाच तिकडे दिली, असं मी म्हणायची. नवऱ्याचं बाजारात पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचं दुकान होतं. दिवसभर ठोकाठोकीत राहून घरातही मोठ्यानं बोलायचा. पत्र्यानं कापून कापून त्याची बोटं खरखरीत झाली होती. माणूस स्वभावानं गरीब, पण पाण्याला हपापलेला. सासरवाडीला आला की धरणाकडे तोंड करून कितीतरी वेळ नुसता उभा राहायचा, आणि जेवायला बोलवायला मला जावं लागायचं.

काही वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्यात अब्बांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून वेळच्या वेळी डोळ्यात औषध घालायला मी माहेरी आले होते. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता. पांढरी दाढी, पांढरी टोपी आणि मध्ये तो काळाभोर चष्मा. वसाहतीतली पोरं त्यांना हिरो म्हणायला लागली होती आणि अब्बांनाही ते आतून आवडत होतं. मग नवरा मला न्यायला आला आणि पावसानं त्याला इथेच अडकवून ठेवलं. घाटात दरड, खाली पाटणच्या अंगाला पुलावर पाणी. लाइट गेली, मोबाइलची रेंज गेली. त्याला मात्र मजा वाटत होती. एवढं पाणी फुकट वाहतंय आणि कुणी भांडत नाही, याचंच त्याला नवल.

एक दिवस सकाळी तो भिजून घरी आला आणि म्हणाला, "वरच्या वाडीमागं डोंगराला पाझर फुटलाय. चांगली मनगटाएवढी धार. आमच्यात असं झालं असतं तर गावानं नारळ फोडला असता."

अब्बा डोळ्यात औषध घालून घ्यायला आडवे झाले होते. तसेच पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "पाणी कसं हाय? नितळ का गढूळ?"

"गढूळ. तांबडं हाय जरा."

अब्बा उठून बसले. औषध गालावर ओघळलं, ते पुसलंही नाही. जिथे कधी पाणी नव्हतं तिथून एकदम गढूळ पाणी यायला लागलं की डोंगर आतून सुटत चालला आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आटपाडीच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? त्याच्याकडे डोंगरातून पाणी निघणं ही सणाची गोष्ट. मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालायचा. अब्बांनी धापा टाकत सांगितलं, वरच्या वाडीनं खाली यावं, तरण्या पोरांनी म्हाताऱ्यांना आणायला वर जावं. सगळ्यात आधी निघाला तो माझा नवरा. बातमी आपण आणली म्हणून त्याला तेवढाच हुरूप.

दुपारपर्यंत तो एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन खाली आला होता. मी त्याला पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा लालबुंद. मी म्हटलं आता पुरे. तो म्हणाला, "दावणीला शेळ्या हायत गं, ओरडत्यात. सोडून येतो." आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस. दाव्याला बांधलेली शेळी मागे ठेवून येणं त्याला जमणार नव्हतं.

त्यानंतर आवाज झाला. डंपरमधून खडी ओततात तसा, फक्त थांबेचना. धुकं इतकं होतं की कुणालाच काही दिसलं नाही. आवाज थांबल्यावर ओल्या मातीचा वास आला आणि पाऊस पुन्हा ऐकू यायला लागला. धुकं जरा हललं तेव्हा वरची वाडी होती तिथे डोंगराला लांबलचक तांबडी जखम दिसत होती. घरं नव्हती, आंब्याची झाडं नव्हती, देवळाचा कळसही नव्हता.

आमच्या गावाच्या डोक्यावरही भेग पडली होती, म्हणून सगळ्यांनाच प्रकल्पाच्या जुन्या रिकाम्या क्वार्टर्समध्ये हलवलं. मशिदीच्या खालच्या अंगाला एकाला एक लागून खोल्यांची लांब रांग, पुढे सलग व्हरांडा. एका कुटुंबाला एक खोली. मला जवळजवळ शेवटची खोली मिळाली, वरच्या वाडीतल्या एका मावशीबरोबर. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं, अब्बासुद्धा. त्या सकाळी डिझेलच्या गिरणीवर दळण घेऊन त्या खाली आल्या होत्या आणि भोंग्यानंतर त्यांना कुणी वर जाऊ दिलं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा घरीच झोपलेला, ताप आला म्हणून. पोरं त्याच्यापर्यंत पोचायच्या आत दरड आली. अब्बा मशिदीतल्या खोलीतच राहिले, कारण बचावपथकाची माणसं, पोलीस, तालुक्याचे साहेब, सगळे तिथेच उतरले होते.

एका खोलीत आम्ही दोघी. मला नवरा हवा होता, त्यांना मुलगा. पहिल्या दिवशी एकमेकींना धीर दिला. नंतर दिला नाही, कारण दोघींनाही खोटं बोलायचा कंटाळा आला. मावशी पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. मी दाराशी. बाहेर पाऊस आणि वर डोंगरात जेसीबीचा घरघराट. तो आवाज चालू असला की भीती वाटायची आणि बंद पडला की जास्त. बंद पडला म्हणजे खाली काहीतरी लागलं.

पहिल्या सापडलेल्यांची नावं अब्बांनीच भोंग्यावरून सांगितली. साहेबांनी चिठ्ठी दिली, म्हणाले नेहमी तुम्हीच सांगता ना. त्यात कुणालाच गैर वाटलं नाही, मलासुद्धा नाही. रीतच होती ती. माइक खट् वाजला, अब्बा खाकरले, आणि नळाजवळ खिचडीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईनं हातात ताटली धरलेली असताना आपल्या दोन्ही पोरींची नावं ऐकली. आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकली. तिच्याकडे सगळे एकदम वळून बघायला लागले आणि ती सगळ्यांकडे बघायला लागली. आपण ऐकलं ते खरं का, असं ती लोकांच्या तोंडांवरून वाचत होती. मग ती चिखलात बसली. अब्बा खाली आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, खिचडी पावसानं पातळ झालेली.

अब्बांनी वर जाऊन माइकची वायर काढली आणि गुंडाळून कपाटात ठेवली. साहेबांना म्हणाले, "नाव मला देत जावा. मी दारात जाऊन सांगतो." साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. देवळाबरोबर गुरवही गेला होता, आणि खालून भटजी यायचा तर रस्ताच नव्हता.

मग अब्बा पायी जायला लागले. कुणालाही उभ्यानं सांगायचे नाहीत. बूट बाहेर काढायचे, आत जाऊन जमिनीवर बसायचे, लहान पोरं असली तर त्यांना शेजारी पाठवायचे. त्या खोलीतलं नाहीतर शेजारचं एखादं वडीलधारं माणूस बघून म्हणायचे, "जरा हिच्याजवळ बसा." ते माणूस जवळ सरकून बसलं की मगच सांगायचे. पथकातली माणसं बॉडी म्हणायची. अब्बा म्हणायचे, तुमचा मुलगा सापडला. अग्नी कोण देणार, कुणाला निरोप धाडायचा, हे विचारायचे आणि रडू ओसरेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. चितेला कोरडी लाकडं मिळेनात तेव्हा मशिदीच्या माडीवरचे जुने वासे त्यांनीच उतरवून दिले.

हे सगळं चांगलंच होतं. पण माणसाची भीती कुठे बसेल सांगता येत नाही. आधी ती माइकच्या आवाजात बसली होती, आता अब्बांच्या पायांत येऊन बसली. गमबूट, काळी छत्री, काळा चष्मा. ते मशिदीची पायरी उतरले की व्हरांड्यात खेळणारी पोरं खेळ टाकून आत पळायची. बायका कड्या लावून घ्यायच्या. एका खोलीतून आवाज आला, "मौलाना, म्होरं जावा. हितं कुणी न्हाई." आत माणसं होती, त्यांचा मुलगा बेपत्ता होता, आणि बाई हात जोडून दारामागून सांगत होती की इथे कुणी नाही. अब्बा त्या दिवशी त्यांच्याकडे जातच नव्हते. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर म्हटलं की यांचं दर्शनच नको. ज्याला पोरं हिरो म्हणायची त्या माणसाची आता अपशकुनात गणती झाली.

खरं सांगते, मीही भ्यायले होते. माझाच बाप, त्याच्या पायांचा आवाज मी जन्मापासून ओळखते. तरी तो आवाज व्हरांड्यात यायला लागला की मी दारापासून आत सरकायची. मावशी डबा घट्ट धरायच्या. आमची तर दोघींची नजरसुद्धा एकमेकींना टाळायची, कारण आवाज आमच्या दारापर्यंत आलाच तर सापडलेलं माणूस कुणाचं, हा प्रश्न दोघींच्या मनात असायचा. मला वाटायचं, आलंच तर त्यांचं येऊ दे. असं वाटायचं म्हणजे वाटायचंच. मावशींनाही उलट तसंच वाटत असणार. चहा मात्र आम्ही एकाच पातेल्यात करायचो.

त्या दिवशी संध्याकाळी अब्बा औषध घालून घ्यायला आले आणि भिंतीला टेकून बसले. मी चष्मा काढला तर डोळे सुजलेले.

"माझ्या पायाचा आवाज ऐकून पोरं रडाया लागल्यात," ते म्हणाले. "एवढी वर्षं या गावात हाय मी. लग्नाला गेलो, बारशाला गेलो. आता दारं लावून घेत्यात."

मी म्हटलं, "मग जाऊ नका. साहेबांना सांगू दे. पगार घेत्यात ते."

"ते मोबाइलवर फोटो दाखवत्यात, ह्योच का म्हणून," अब्बा म्हणाले. मी औषधाची बाटली गोल गोल फिरवत होते. निघताना एवढंच म्हणाले, "उद्यापासनं समद्यांच्याकडं जाणार. रोज. बातमी असू दे नसू दे."

मला वाटलं थकव्यानं काहीतरी बोलतायत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशिदीची पायरी उतरले आणि सरळ पहिल्या खोलीत गेले. आतून हंबरडाच ऐकू आला. त्यावर अब्बांचा मोठा आवाज, "आवं, बातमी काय न्हाई. चहा घ्यायला आलोय." हंबरडा थांबायला वेळ लागला. मग ते दुसऱ्या खोलीत गेले आणि तिथेही तेच. ज्यांचं कुणीच हरवलं नव्हतं त्यांच्याकडेही गेले, ज्यांची माणसं सापडून जळूनही गेली होती त्यांच्याकडेही. कुठे घोटभर चहा, कुठे नुसतं पाणी. जनावरांची चौकशी, गुडघेदुखीची चौकशी, पोरांना पाढे विचारणं. शेवटच्या खोलीपर्यंत पोचेपर्यंत दुपार कलली. मधुमेहाचा माणूस आणि एवढा गोडमिट्ट चहा. मी म्हटलं, "दरडीतनं वाचलात, आता साखरेनं जाताल." ते म्हणाले, "तुझ्याकडं बिनसाखरेचा कर."

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि मध्येच एक विघ्न आलं. अब्बा एका खोलीत बसले असताना भूकंपाचा धक्का बसला. आमच्याकडे भूकंपाला कुणी भीत नाही असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. ते खोटं आहे. भांडी वाजली आणि सगळी रांग पावसात बाहेर पळाली. डोंगराकडे बघत उभी राहिली. आता उरलेलाही येतो का काय, म्हणून कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. मावशींचा हात माझ्या हातात होता. डोंगर आला नाही. अब्बा व्हरांड्यात आले, गमबूट चढवले आणि पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "चला आत, भिजतायसा." ती माणसं आत गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण त्या दिवशी भित्यापाठी एक मौलाना होता, हेही खरं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की ठरवली होती. बातमी असली तरी फेरी पहिल्या खोलीपासूनच सुरू करायची. पाय उचलायचा तो नेहमीच्याच चालीनं. ज्याची बातमी असेल त्याच्याकडे त्याची खोली येईल तेव्हाच. त्यामुळे ते दारात आले म्हणून कुणाला काही कळायचं नाही. चहा व्हायचा, बोलणं व्हायचं, आणि बातमी असली तरच ते शेजारच्याला म्हणायचे, जरा हिच्याजवळ बसा. लोकांची भीती आटून आटून त्या एका वाक्यापुरती उरली. बाकीचा वेळ पोरं पुन्हा व्हरांड्यात खेळायला लागली.

यावरून भांडणही झालं. एकाचा भाऊ सकाळी सापडला आणि त्याची खोली रांगेत बरीच मागे. दुपारी कळल्यावर तो अब्बांच्या अंगावर धावून आला. "सकाळी घावला तर सकाळी सांगायचं. मधी दहा घरचा चहा पीत बसलासा?" अब्बांनी माफी मागितली. मी संध्याकाळी त्यांच्याशी वाद घातला. त्या माणसाचं काय चुकलं, म्हटलं. माझं असतं तर मीही धावून आले असते. अब्बा म्हणाले, "त्याचं बरोबरच हाय. पर सरळ त्याच्याकडं गेलो असतो, तर उद्या मी सरळ चालताना दिसलो की मधल्या समद्यांचा जीव जाईल." मला ते पटलं नाही. तेव्हा मी फक्त वाद घालत होते, माझ्या अंगावर अजून काही आलं नव्हतं.

आमच्या खोलीत ते रोज आले. रोज बसले. रोज मावशी आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. काळ्या चष्म्यातून डोळे दिसायचे नाहीत, मग आम्ही ओठ बघायचो. जरा हिच्याजवळ बसा. कुणाला म्हणतील, मला की मावशींना? माझी मान वळेल की त्यांची? कपातला चहा संपायला आला की मी न विचारता आणखी घोटभर ओतायची. मग ते "येतो" म्हणून उठायचे आणि आम्ही दोघी एकदम श्वास सोडायचो. मावशी पुटपुटायच्या, "आजचा दीस गेला." मला तो श्वास अजून ऐकू येतो, कधी आटपाडीच्या बाजारातसुद्धा.

मग एका सकाळी अब्बा औषध घालून घ्यायला आलेच नाहीत. मी वाट बघितली, चिडले. डोळा गेला म्हणजे कळेल, असं काहीतरी मावशींना म्हणालेही. थोड्या वेळानं ते पायरी उतरताना दिसले. पहिल्या खोलीत गेले. छत्री, बूट, सगळं नेहमीसारखं. तरी मी दारात येऊन उभी राहिले, कारण रात्रीपासून जेसीबी बंद होता.

ते एकेका दारातून आत जात होते, बाहेर येत होते. मी त्यांची चाल बघत होते. कुठे अडखळतात का, कुठे आमच्या बाजूला मान वळवतात का. काही नाही. एका दाराशी त्यांनी पोराच्या हातातला चेंडू घेऊन परत दिला. मावशी आतून विचारत होत्या, "कसं दिसतंय गं?" मी म्हटलं, "रोजच्यावानीच." मग मी आत येऊन बसले. आवाज जवळ आला. अलीकडची खोली, मग लगतची. भिंत पातळ होती. तिथल्या चिमुरडीनं पाढा चुकवला असावा, बेचा पाढा, आणि अब्बा हसले. चांगले मोठ्यानं हसले. मी मावशींकडे बघितलं आणि माझ्या अंगातली सगळी ताठर झालेली हाडं सैल पडली. म्हटलं, आज काही नाही. आज दोघीही सुटलो. मी पातेलं चढवलं, अब्बांसाठी बिनसाखरेचा चहा टाकला. आलं घातलं.

ते आले. बूट काढले, बसले. मावशींच्या गुडघ्याची चौकशी केली. चहा संपूर्ण प्यायले, कप बाजूला ठेवला. मग म्हणाले,

"मावशी, जरा हिच्याजवळ बसा."

मावशी लगेच उठल्या नाहीत. त्यांना आधी कळलंच नाही, कारण त्या स्वतःच्याच नावाची वाट बघत होत्या. मग त्यांच्या मांडीवरचा पिठाचा डबा कलंडला आणि त्या गुडघ्यांवर सरकत माझ्याकडे आल्या. अब्बा काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. ऐकायची गरज नव्हती. मी एवढंच विचारलं, "कवा कळलं?"

"फजरच्या नमाजनंतर. सकाळीच."

"आणि तुमी चहा पीत बसलासा," मी म्हणाले. बरोबर त्या माणसाचंच वाक्य. मग मी खूप बोलले. मला मौलाना नको होते, बाप हवा होता, असं म्हणाले. पायांत चप्पल न घालता धावत यायला हवं होतं, म्हणाले. ते ऐकत राहिले. मावशींनी मला इतकं आवळून धरलं होतं की मला हात उचलता येत नव्हता. त्या माझ्याहून मोठ्यानं रडत होत्या, आणि त्यात त्यांचा मुलगाही होता, हे मला कळत होतं.

तोंड बघू नको, असं अब्बा म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघायचं तर बघ. पर आधी हात बघ." मी हात बघितला. बोटांवरच्या पत्र्याच्या खुणा तशाच होत्या. तेवढ्यावर मी थांबले. जनाज्याची नमाज अब्बांनीच पढवली. पुरुषांनी नंतर सांगितलं की मध्ये एकदा त्यांचा आवाज बसला आणि मागे उभे असलेले सगळे, नमाज न येणारे वाडीतले लोकसुद्धा, तसेच शांत उभे राहिले. आटपाडीहून कुणी येऊ शकलं नाही. खड्ड्यात पाणी भरत होतं आणि पोरं ते डब्यांनी उपसत होती, असं कळलं. पाण्याला हपापलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा पुन्हा पायरी उतरले आणि पहिल्या खोलीत गेले. मला तेव्हा त्यांचा राग राग आला. आमच्या खोलीत आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मावशींनीच चहा केला. बिनसाखरेचा. मी पाठमोरी ऐकत होते, आणि मावशी त्यांना वाडीतल्या म्हशींबद्दल सांगत होत्या, कुठली दुधाला कशी होती ते. काल जिच्यासमोर हे घडलं होतं ती बाई आज त्याच माणसाला समोर बसवून न थरथरता बोलत होती. तिच्या मुलाची बातमी कधीच आली नाही. शोध थांबला, जेसीबी गेले, साहेब गेले. अब्बा तिच्याकडे जातच राहिले.

इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, मी कोयनानगरलाच काढली. अब्बांचे डोळे बरे झाले, काळा चष्मा सुटला. आम्ही एका घरात राहत होतो आणि कामापुरतं बोलत होतो. एकदा दुपारी ते लसूण सोलत बसले होते, मी भाकरी करत होते. ऊन पडलं होतं. मनात होतं ते अचानक तोंडातून निघून गेलं.

"त्या दिवशी शेजारच्या खोलीत हसलासा तुमी. मी ऐकलं. सकाळपासनं तुमाला ठावं होतं, आणि हसू आलंच कसं?"

अब्बांनी लसणाची पाकळी खाली ठेवली.

"भिंतीपलीकडं तू ऐकत असशील, म्हणून हसलो," ते म्हणाले. "म्हटलं, चहा उकळंस्तवर तरी तुला बरं वाटू दे."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच त्यांच्या ताटात वाढली आणि त्यांनी खाल्ली.